स्टॅटिन सुरू केल्यापासून अंगातले त्राण गेले आहे: गोळीचा परिणाम की आणखी काही?

नीलकंठ_पुणे (धागालेखक)

माझे वय 59 आहे. मधुमेह बऱ्याच वर्षांपासून असून त्यासाठी मेटफॉर्मिन चालू आहे, आणि वडिलांना साठीच्या आत हृदयविकाराचा झटका आला होता. गेल्या पावसाळ्यात केलेल्या लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) 158 आले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी अॅटोरव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन वर्गातील औषधाची 20 मिलिग्रॅमची गोळी रात्री घ्यायला सांगितली. पुढच्या तपासणीत एलडीएल 91 पर्यंत उतरले, त्यामुळे औषध काम करते आहे याविषयी मला शंका नाही.

शंका आहे ती निराळी. मी रोज संध्याकाळी पर्वती चढतो. पूर्वी न थांबता वर पोहोचणारा मी आता मधल्या टप्प्यावर टेकतो. धाप लागत नाही, छातीत दुखत नाही, घाम फुटत नाही. फक्त मांड्या भरून येतात आणि पुढचे पाऊल उचलण्याची इच्छाच उरत नाही. दुपारी जेवणानंतर बसलो की उठवत नाही, हेही नवीन आहे. डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी "वयोमानाप्रमाणे होते" असे म्हटले, आणि ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु वय एका ऋतूत वाढत नाही. या गोळीने उत्साह कमी होऊ शकतो का, आणि होत असेल तर तो गोळीमुळेच होतो आहे हे ओळखायचे कसे, याविषयी जाणकारांनी लिहावे. गोळी बंद करू का, असे मी येथे विचारत नाही. तो निर्णय डॉक्टरांसमोरच होईल.

मात्रा_आणि_वेळ

मी औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर असून औषधांचे दुकान चालवतो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर "होऊ शकतो" असे आहे, आणि त्यामागे विचार करण्याजोगे कारणही आहे. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीत अगदी सुरुवातीला एक विकर (एन्झाइम) लागते, आणि स्टॅटिन वर्गातील सर्व औषधे त्याच विकराला अडवतात. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकात बुरशीतून असा पहिला पदार्थ वेगळा केला आणि 1987 मध्ये लोव्हास्टॅटिन अमेरिकेत बाजारात आले, तेव्हापासून हीच कार्यपद्धती आहे. अडचण अशी की त्या साखळीतून केवळ कोलेस्टेरॉल निघत नाही. पुढे तिला फाटे फुटतात आणि एका फाट्यावर को-एन्झाइम क्यू-१० तयार होते, जे पेशींच्या आत प्राणवायू वापरून ऊर्जा निर्माण करण्याच्या कामात लागते. स्टॅटिन घेणाऱ्यांच्या रक्तातील क्यू-१० ची पातळी कमी होते, हे मोजून पाहिलेले आहे. स्नायूंच्या आतही ती तितकीच कमी होते का, याविषयी मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. आणि बाहेरून क्यू-१० च्या कॅप्सूल दिल्यावर थकवा जातो का, हे पाहणाऱ्या चाचण्यांतही काहींत फायदा दिसला, काहींत दिसला नाही. दुकानात या कॅप्सूल मी विकतो, त्या महाग आहेत, आणि कोणी सल्ला विचारला तर हेच सांगतो.

स्टॅटिनमुळे होणारा स्नायूंचा त्रास साधारणपणे ओळखता येण्याजोगा असतो. तो गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत सुरू होतो, दोन्ही बाजूंना सारखा असतो, आणि मांड्या, नितंब, पोटऱ्या, खांदे अशा मोठ्या स्नायूंत जाणवतो. एकाच गुडघ्यात किंवा एकाच खांद्यात दुखत असेल तर गोळीकडे बोट दाखवण्याची घाई करू नये. तुमचे वर्णन पहिल्या प्रकाराशी जुळते, परंतु दुपारी जेवणानंतरची सुस्ती मला त्यात बसताना दिसत नाही. तिचे कारण वेगळे असू शकेल.

निसर्गमार्गी

नीलकंठराव, मी स्पष्टच लिहितो. कोलेस्टेरॉल हा शरीराचा शत्रू नाही, मेंदू त्यानेच बनलेला आहे, आणि या गोळ्या म्हणजे कंपन्यांनी उभा केलेला बाजार आहे. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी गोळी बंद करून सकाळी लसूण आणि दुधी भोपळ्याचा रस सुरू केला आणि पंधरवड्यात त्यांच्यात तरतरी आली. आधी गोळी बंद करून पाहा, मग चर्चा.

सुमेधा_ठाणे

निसर्गमार्गी, तुमच्या शेजारच्या गृहस्थांना तरतरी आली याचा मला आनंद आहे, परंतु "आधी बंद करा" हे वाक्य येथे वाचणारे सगळे नीलकंठरावांसारखे नसतात, म्हणून एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. माझ्या भावाला स्टेंट घातल्यावर जी कॅप्सूल दिली होती, तिच्यात रोसुव्हास्टॅटिन, अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी तीन औषधे एकत्र होती. घरात सगळे तिला "कोलेस्टेरॉलची गोळी" म्हणत. थकवा येतो म्हणून त्याने ती काही दिवस सोडली, तेव्हा आपण रक्तात गुठळी होऊ नये यासाठीची दोन्ही औषधेही सोडली आहेत, हे त्याला ठाऊकच नव्हते. सुदैवाने पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या लक्षात आले. नव्या स्टेंटच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते. आपल्याकडे अशा मिश्र कॅप्सूल सर्रास लिहून दिल्या जातात, त्यामुळे पाकिटामागचा बारीक मजकूर भिंगाखाली धरून वाचावा, एवढीच विनंती.

आणि लसूण-दुधीविषयी: कडू लागलेला दुधीचा रस पिऊन लोक दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. नैसर्गिक म्हणजे निर्धोक असे नसते.

वैदेही_ना

नीलकंठराव, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासले आहे का? मला 52 व्या वर्षी एकूण कोलेस्टेरॉल 270 निघाले म्हणून स्टॅटिन सुरू झाले आणि मी अक्षरशः अंथरुणाला खिळले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी थायरॉइड तपासले, तेव्हा ते फारच मंदावलेले निघाले. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉल वाढते, थकवाही येतो, आणि स्टॅटिनमुळे स्नायूंना त्रास होण्याचा धोकाही वाढतो. म्हणजे एकाच मुळातून तिन्ही गोष्टी येतात आणि आपण तिघींवर वेगवेगळे उपचार करत बसतो. थायरॉइडच्या गोळीने कोलेस्टेरॉल बरेच खाली आले. कोलेस्टेरॉलची गोळी लिहिण्याआधी हा तपास व्हायला हवा असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, तरीही तो अनेकदा राहून जातो.

मात्रा_आणि_वेळ

वैदेहीताईंचा मुद्दा अगदी महत्त्वाचा आहे आणि त्याला मी आणखी एक जोडतो. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि शाकाहारी व्यक्तीत ते आधीच काठावर असते. बी-१२ ची कमतरता म्हणजे थकवा, पायांत मुंग्या, आणि कधी कधी पायांतली ताकद कमी होणे. ड जीवनसत्त्व कमी असले तरी थकवा येतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखे औषध चालू असेल तर त्यानेही दम कमी पडतो. या सगळ्यांत स्टॅटिन हा केवळ एक संशयित आहे, परंतु वर्तमानपत्रांत त्याचेच नाव आल्यामुळे चौकशी त्याच्यापासून सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते.

दुसरे, अॅटोरव्हास्टॅटिनबरोबर आणखी कोणते औषध मध्ये घेतले होते का, हे आठवून पाहा. गजकर्णासाठी इट्राकोनाझोल हल्ली फार दिले जाते, आणि खोकला-ताप असेल तर क्लॅरिथ्रोमायसिन. ही दोन्ही औषधे अॅटोरव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन यांचा शरीरातील निचरा रोखतात, त्यामुळे 20 ची गोळी घेऊनही रक्तात त्याहून कितीतरी मोठ्या मात्रेइतके औषध साठू शकते. त्वचेच्या डॉक्टरांना हृदयाच्या गोळीविषयी रुग्ण सांगत नाही, कारण त्याला त्यात काही संबंध दिसत नाही. ग्रेपफ्रूटविषयीची सूचना पाकिटावर असते. ते फळ आपल्याकडे फारसे खाल्ले जात नाही, पण पपनस हे त्याचे जवळचे नातेवाईक असल्याने तेही बेताने खावे.

टेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि वैद्यकीय आकडेवारीचे काम करतो. धागालेखकांच्या दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे "गोळीमुळेच आहे हे ओळखायचे कसे", येथे एक फार चांगला प्रयोग झाला आहे.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी ज्यांनी स्टॅटिन सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्रासामुळे ते सोडले होते, असे 60 लोक घेतले. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या: चार बाटल्यांत अॅटोरव्हास्टॅटिन 20, चारांत हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली, क्रम चिठ्ठी टाकून ठरवलेला, आणि रोज फोनवर आपल्या त्रासाला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे. निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रासाचे सरासरी गुण 8, खोट्या गोळीच्या महिन्यांत 15.4, आणि खऱ्या गोळीच्या महिन्यांत 16.3. गोळी घेतल्यावर जो त्रास वाढला, त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग औषध नसलेल्या गोळीनेही निर्माण झाला. आपापले आलेख दाखवल्यावर त्यांतील निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले.

याशिवाय 2022 मध्ये 19 चाचण्यांतील सुमारे 1,24,000 लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. स्नायूंत वेदना किंवा अशक्तपणा असल्याची तक्रार स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी 27.1 टक्क्यांनी केली आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 26.6 टक्क्यांनी. जो थोडा फरक होता, तो मुख्यतः पहिल्या वर्षातला होता.

वैदेही_ना

म्हणजे आम्हाला जे होते ते आमच्या मनाचे खेळ आहेत, असेच ना? माफ करा, पण थकलेल्या बाईला "हे तुझ्या डोक्यात आहे" असे सांगण्याची वैद्यकाची परंपरा फार जुनी आहे, आणि आकडे दिल्याने ती जास्त सभ्य होते एवढेच. शिवाय त्या मोठ्या चाचण्यांत "तुम्हाला स्नायूंत दुखते का" असे विचारले होते. "दिवसाअखेर स्वयंपाकघरात उभे राहण्याची शक्ती उरते का" असे कोणी विचारले होते का? दुखणे आणि त्राण नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टेम्सकाठ

तुमचा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याच्या बाजूने पुरावाही आहे, तो मी आधीच द्यायला हवा होता असे कोणी म्हटले तर ते रास्त ठरेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील संशोधकांनी 1,016 लोकांना सहा महिने सिम्व्हास्टॅटिन 20, प्रव्हास्टॅटिन 40 किंवा खोटी गोळी दिली आणि नेमका उत्साह व श्रमानंतरचा थकवा याविषयीच विचारले. 2012 मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत स्टॅटिन घेणाऱ्यांचा उत्साह खोट्या गोळीच्या तुलनेत कमी झालेला दिसला, सिम्व्हास्टॅटिनमध्ये अधिक, आणि स्त्रियांत विशेष. कोणती गोळी चालू आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हते, त्यामुळे येथे भीतीने थकवा आला असे म्हणता येत नाही.

पुढच्याच वर्षी आणखी एक लहान प्रयोग प्रसिद्ध झाला, 37 स्थूल व्यक्तींचा. बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम करून घेतला. ज्यांनी केवळ व्यायाम केला त्यांची दमक्षमता सुमारे दहा टक्क्यांनी वाढली, आणि ज्यांनी व्यायामाबरोबर सिम्व्हास्टॅटिन 40 घेतले त्यांची जेमतेम दीड टक्का. तो अभ्यास लहान होता, त्यांत खोटी गोळी नव्हती, आणि मात्रा तुलनेने मोठी होती. पण पर्वतीच्या पायऱ्यांवर थांबणाऱ्या माणसाने तो माहीत करून घ्यावा असा आहे.

आणि "मनाचे खेळ" हा शब्द मी वापरणार नाही. बाटल्यांच्या प्रयोगातील लोकांना त्रास खराच होत होता. त्यांनी रोज गुण दिले ते खोटे नव्हते. प्रश्न कारणाचा होता. औषधाविषयी वाईट ऐकून शरीर ताठ राहते, प्रत्येक वेदनेकडे लक्ष जाते, आणि ती वाढते. असा त्रास पंधरा-वीस टक्के लोकांत औषधामुळे आणि उरलेल्यांत अपेक्षेमुळे, अशी सोयीस्कर विभागणी मला करता येणार नाही, कारण दोन्ही एकाच माणसात एकत्र असू शकतात.

निसर्गमार्गी

म्हणजे शेवटी थकवा येतो हे मान्य झाले. मी वेगळे काय म्हणत होतो?

मात्रा_आणि_वेळ

काही लोकांना येतो, हे मान्य आहे. गोळ्या निरुपयोगी आहेत, हे मान्य नाही. नीलकंठरावांना मधुमेह आहे, म्हणून त्यांच्याच स्थितीतील लोकांचे उदाहरण देतो. टाइप-2 मधुमेह असलेल्या, पण हृदयविकार नसलेल्या 2,838 लोकांवर ब्रिटन-आयर्लंडमध्ये अॅटोरव्हास्टॅटिन 10 ची चाचणी झाली आणि 2004 मध्ये तिचे निष्कर्ष आले. हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना 37 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा सुमारे दोन वर्षे आधी थांबवली गेली. त्यात मात्रा 10 होती, हेही लक्षात घ्या. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तर एलडीएल आणखी साधारण सहा टक्केच कमी होते, त्यामुळे 20 वरून 10 वर येण्यात फार काही गमावले जात नाही. डॉक्टरांशी बोलताना हा पर्याय मांडण्यासारखा आहे.

सोबत धोक्याची खूणही सांगून ठेवतो. लघवी चहाच्या रंगाची झाली, स्नायू दुखून सुजले, खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागू लागला, तर ही चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. स्नायू विरघळण्याचा हा प्रकार अत्यंत दुर्मिळ आहे, पण खरा आहे. सेरिव्हास्टॅटिन नावाचे औषध याच कारणासाठी 2001 मध्ये जगभरातून मागे घेतले गेले.

नीलकंठ_पुणे (धागालेखक)

सर्वांचे आभार. या सर्व मुद्द्यांची यादी करून मी डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. तपासण्यांत टीएसएच आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली आहे का हे दाखवणारी रक्ततपासणी) व्यवस्थित निघाले, बी-१२ मात्र 142 आणि ड जीवनसत्त्व 14, म्हणजे दोन्ही कमी होते. डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शने आणि ड जीवनसत्त्व सुरू केले, आणि गोळीला हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरे वाटले ते कधीच कळणार नाही, असे ते म्हणाले. मला हा विचार पटला.

काही आठवड्यांनी दुपारची सुस्ती बरीच गेली. मात्रा_आणि_वेळ यांनी ती वेगळी काढली होती, ते बरोबर ठरले असे दिसते. मांड्यांचे भरून येणे मात्र तसेच राहिले. म्हणून आता डॉक्टरांच्या संमतीने अॅटोरव्हास्टॅटिन काही आठवडे थांबवायचे आणि रोज रात्री, गोळीविषयी विचार न करता, चढण्याला गुण देऊन ठेवायचे असे ठरले आहे. सौभाग्यवती म्हणतात, "गोळ्यांची डबी माझ्याकडे द्या, मी कधी खरी देईन कधी विटॅमिनची, तुम्हाला सांगणार नाही." असे घरच्या घरी करता येईल का?

टेम्सकाठ

वहिनींची कल्पना शास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे! परंतु गोळ्यांचा आकार, रंग आणि चव वेगळी असल्याने तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल, आणि मधुमेहाच्या माणसाच्या औषधांत घरी अदलाबदल करणे योग्य नाही. त्याऐवजी बंद-चालू-बंद असे दोनदा करता आले तर एकदा केल्यापेक्षा निष्कर्ष अधिक भरवशाचा येईल. एकदा थांबवल्यावर बरे वाटले, एवढ्यावर थांबू नका; थंडी संपून ऊन आले की चालणाऱ्यांना तसेही बरे वाटते.

नीलकंठ_पुणे (धागालेखक)

पुढची हकिगत लिहितो. गोळी थांबवल्यावर तिसऱ्या आठवड्यात गुण सुधारले, पुन्हा सुरू केल्यावर घसरले, आणि दुसऱ्यांदा थांबवल्यावर सुधारले, तरी पहिल्याइतके नाही. डॉक्टरांचे मत असे की काही भाग औषधाचा आहे असे मानून चालू. आता रोसुव्हास्टॅटिन 5 मिलिग्रॅम आणि जोडीला एझेटिमाइब 10 (आतड्यांत कोलेस्टेरॉल शोषले जाणे कमी करणारे औषध) दिले आहे. रोसुव्हास्टॅटिनची रक्तातील पातळी आशियाई वंशाच्या लोकांत युरोपीय लोकांपेक्षा जवळजवळ दुप्पट होते, म्हणून 5 पासूनच सुरुवात करणे इष्ट, असे त्यांनी समजावले. नव्या औषधांवर एलडीएल 88 आले आहे आणि पर्वती बहुतेक दिवस न थांबता चढली जाते. हे टिकले नाही तर बेम्पेडोइक अॅसिड या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाचा विचार करू असे ते म्हणाले. त्याविषयी कोणाला माहिती आहे का?

मात्रा_आणि_वेळ

ते औषध त्याच साखळीला आणखी वरच्या टप्प्यावर अडवते, परंतु त्याला सक्रिय करणारे विकर यकृतात असते आणि हाडांशी जोडलेल्या स्नायूंत नसते, त्यामुळे स्नायूंचा त्रास होण्याची शक्यता कमी असते. स्टॅटिन सहन न होणाऱ्या जवळपास 14,000 लोकांवरील चाचणीत हृदयविकाराच्या घटना त्याने कमी झाल्या. ती 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे ते मिळते. मात्र त्याने युरिक अॅसिड वाढते आणि संधिवाताचा गाऊट हा प्रकार असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून सुरू करण्याआधी युरिक अॅसिड तपासून घ्या, आणि पूर्वी कधी पायाचा अंगठा रात्री एकाएकी सुजून लाल झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.